पिंप क्रमांक एकशे एकवीस

पडूका, केंटकी
४ ऑक्टोबर १९९८

आदरणीय मिसेस क्रूम,

आपली ओळख नाही. तुमचा पत्ता मला बार्ड्सटाउनच्या पोस्टातल्या बाईंनी दिला, तोही मी तीनदा फोन केल्यावर आणि मी विमा विकत नाही असं शपथेवर सांगितल्यावर.

मी हॉलिस बेथेल. चौतीस वर्षं ओहायो नदीचं पाणी मोजायच्या खात्यात होतो. पूर ओसरला की आम्ही गावोगाव हिंडायचो, भिंतींवर आणि झाडांवर राहिलेल्या चिखलाच्या रेघा बघायचो आणि पाणी किती चढलं असेल याचा अंदाज बांधायचो. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला सिकमोर रनची बाटली भेट दिली. एकाच पिंपातली, दुसऱ्या कशातही न मिसळलेली बर्बन व्हिस्की. पुढच्याच महिन्यात डॉक्टरांनी माझं पिणं बंद केलं. तेव्हापासून मी या बाटल्या जमवतो आणि खिडकीत ठेवून बघत बसतो. दुपारी चारच्या सुमारास ऊन त्यांच्यातून आरपार येतं आणि समोरची भिंत मधाच्या रंगाची होते. माझी मुलगी याला वेड म्हणते.

तुमची कंपनी १९९१ साली बंद झाली आणि तिचे कागद कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे एकंदर किती पिंपं बाटल्यांत उतरली हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. पण प्रत्येक लेबलवर पिंपाचा क्रमांक, बाटलीचा क्रमांक आणि तारीख हाताने लिहिलेली आहे. चार राज्यांतले माझ्यासारखेच रिकामटेकडे लोक त्यांच्याकडचे आकडे मला पोस्टकार्डावर कळवतात. आजवर चौऱ्याहत्तर बाटल्या नोंदल्या. सर्वांत मोठा पिंप क्रमांक दोनशे त्रेसष्ट आहे. त्याला चौऱ्याहत्तरने भागायचं आणि येईल ती भर त्यातच घालायची, अशी एक साधी रीत आहे. तिच्याप्रमाणे पिंपं दोनशे सदुसष्टच्या आसपास असावीत. एका पिंपामागे एकशे नव्वद बाटल्या धरल्या तर पन्नास हजारांच्या थोड्या वर. आमच्या संग्राहकांच्या लहानशा पत्रिकेत हा आकडा छापायचा आहे.

दोनच गोष्टी अडतात. पहिली, १९८८च्या मे महिन्यापासून अक्षर बदलतं. आधीचं उजवीकडे झुकलेलं, देखणं. नंतरचं डावीकडे कललेलं आणि जरा कष्टाचं. दुसरी, एकशे सोळा आणि एकशे सत्तावीस यांच्या मधलं एकही पिंप आजवर कुणाला दिसलेलं नाही. लेबलं तुम्ही लिहीत होता असं ऐकलं, म्हणून हा त्रास.

आपला,
हॉलिस बेथेल


बार्ड्सटाउनजवळून
१९ ऑक्टोबर १९९८

श्री. बेथेल,

सात वर्षांत कुणी त्या लेबलांबद्दल विचारलं नव्हतं. पत्र दोन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि येता-जाता बघत होते.

होय, लेबलं मी लिहीत असे. ८८ साली नादीन नावाची नवी बाई कामाला लागली, पुढचं तिचं अक्षर. मधल्या दहा पिंपांचं म्हणाल तर ती बाटल्यांत गेलीच नाहीत. त्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत बाटल्या भरायचं काम बंद होतं आणि तेवढी पिंपं मोठ्या मिश्रणात ओतली, असं आमचे गोदामाचे मुकादम एमेट सिसेल यांनी सांगितलं होतं. ती तुमच्या हिशेबातून वजा करा.

याहून जास्त मला आठवत नाही.

ओलेटा क्रूम


पडूका
२ नोव्हेंबर १९९८

आदरणीय मिस ओलेटा,

तुम्ही मला हे नाव वापरू द्याल असं धरून चालतो. आमच्याकडे सगळ्या मानाच्या बायकांना असंच म्हणतात.

तुमचे उपकार फार मोठे. दहा पिंपं, म्हणजे एकोणीसशे बाटल्या, मी ताबडतोब वजा केल्या. आणि एक आनंदाची गोष्ट. पाकिटावरचं अक्षर बघताच मी ते ओळखलं. डावीकडे कललेलं, सातच्या पोटात आडवी रेघ. तुमची पत्रं नादीनबाईच लिहून देतात तर. इतक्या वर्षांनीही तुमची मैत्री टिकून आहे हे वाचून (म्हणजे बघून) बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांगा. जमलं तर त्यांना विचारा, एका दिवसात किती लेबलं लिहून व्हायची?

आणखी एक मागणं आहे, त्याचा अंदाजाशी काही संबंध नाही. मी गोदामाच्या आत कधी गेलेलो नाही. आतून ते कसं होतं, हे सांगाल का?

हॉलिस बेथेल


बार्ड्सटाउनजवळून
३० नोव्हेंबर १९९८

श्री. बेथेल,

नादीन म्हणते, दिवसाला दोनशे, आणि हवेत दमटपणा असला तर दीडशे, कारण शाई पसरते. नमस्कार पोचला.

गोदामाचं सांगते. सात मजले, लाकडाचे, बाहेरून पत्रा. वरच्या मजल्यावर जुलैमध्ये उभं राहवत नसे आणि तळमजल्यावर त्याच दिवशी स्वेटर लागे. आत दिवे नव्हते. पत्र्याच्या फटींतून ऊन यायचं, लांब पट्ट्यांनी, आणि त्यात धूळ इतकी संथ फिरायची की पाण्याच्या तळाशी उभं असल्यासारखं वाटे. वास काकवीचा, जळक्या ओकचा, आणि कुठेतरी मागे ठेवून विसरलेल्या सफरचंदांचा. उन्हाळ्यात व्हिस्की लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते. कान लावला तर पिंप कुरकुरतं. बारा वर्षांत जवळजवळ निम्मी व्हिस्की हवेत उडून जाते. तो देवदूतांचा वाटा, असं आमच्याकडे म्हणतात. आसपासच्या झाडांची खोडं त्या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीने काळी असतात, म्हणून मला लहानपणापासून वाटे की देवदूत काळे पाय घेऊन घरी जात असतील.

जेवणाच्या सुट्टीत मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसायची. एमेट पिंपांच्या ओळींमधून फिरत असे. तो फार बोलत नसे. पिंपाच्या तोंडावर क्रमांक रंगवण्याआधी पट्टी लावून पेन्सिलीची बारीक रेघ मारायचा आणि आकडे त्या रेघेवर बसवायचा. माझा नवरा ७९ साली गेला. त्यानंतर बारा वर्षं मी त्या गोदामात जितकी शांत बसले तितकी चर्चमध्येही बसले नसेन.

तुम्ही विचारलंत म्हणून इतकं लिहिलं. हात दुखायला लागला. म्हणजे नादीनचा.

ओलेटा क्रूम


पडूका
१६ जानेवारी १९९९

आदरणीय मिस ओलेटा,

तुमचं पत्र मी मुलीला वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती, ते थांबवून ऐकत राहिली. देवदूतांच्या पायांपाशी तिने नळ बंद केला. त्यानंतर तिने वेड हा शब्द वापरलेला नाही.

पण आता एक पेच आहे आणि तो तुमच्यापासून लपवणं मला बरं वाटत नाही. सिनसिनाटीत एका वकिलाचं निधन झालं. त्याच्या तळघरात सिकमोर रनची एक बाटली निघाली. पिंप क्रमांक एकशे एकवीस, बाटली क्रमांक त्र्याऐंशी, तारीख २२ मार्च १९८८. फोटो सोबत ठेवतो.

म्हणजे त्या वसंतात काम बंद नव्हतं. एक बाटली आहे तर तिची भावंडंही असणार आणि मी वजा केलेली दहा पिंपं परत घ्यावी लागणार. हे माझं काम झालं. खरी अडचण अक्षराची आहे. ते तुमचं आहे. उजवीकडे झुकलेलं, तेच वळण. भिंगातून बघितलं तेव्हा मात्र मला ते जरा जास्तच तुमचं वाटलं. माणूस स्वतःचं अक्षर इतकं जपून काढत नाही. आणि आकड्यांखाली पेन्सिलीची रेघ आहे, खोडलेली, पण कागदावर तिचा दाब राहिला आहे. तुमच्या दुसऱ्या कुठल्याच लेबलवर अशी रेघ नाही.

कदाचित तारीख आठवण्यात चूक झाली असेल. मलाही हल्ली मंगळवार आणि बुधवार यांतला फरक लगेच कळत नाही.

हॉलिस बेथेल


पडूका
२० मार्च १९९९

आदरणीय मिस ओलेटा,

दोन महिने तुमचं पत्र नाही. मी माझं शेवटचं पत्र मनात पुन्हा वाचून बघितलं आणि ते पोलिसाने लिहावं तसं वाटलं. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. आकडा चुकीचा छापला तरी नदी उलटी वाहणार नाही. तुम्ही बऱ्या आहात एवढं नादीनबाईंनी एका ओळीत कळवलं तरी पुरे.

हॉलिस बेथेल


बार्ड्सटाउनजवळून
११ एप्रिल १९९९

श्री. बेथेल,

मी बरी आहे. तुम्ही पोलिसासारखं काही लिहिलं नाहीत. तुम्ही विचारलंत, मी खोटं बोलले होते, म्हणून गप्प बसले.

नादीन नाही. कधीच नव्हती. तुम्ही तिला नमस्कार पाठवलात तेव्हा मी टेबलाशी एकटी बसून इतकी हसले की कुत्रा उठून बाहेर गेला. पण नंतर हसू आलं नाही.

१९८८च्या फेब्रुवारीत एका सकाळी दूध ओतताना माझा उजवा हात खाली गेला आणि परत वर आला नाही. अर्धांगवायूचा झटका. पाय आणि जीभ वाचली, हात गेला. मी छप्पन्न वर्षांची होते आणि अक्षरापलीकडे मला काही येत नव्हतं. एमेट इस्पितळात भेटायला आला, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, बाटल्या भरायचं यंत्र दुरुस्तीला काढलंय, तीन-चार महिने काही चालणार नाही, ऑफिस सगळ्यांना सांभाळून घेतंय, तू सावकाश ये. पगाराचं पाकीट दर शुक्रवारी यायचं. मी त्या दुरुस्तीचे किती आभार मानले असतील.

ते तेरा आठवडे मी स्वयंपाकघरात डाव्या हाताने आकडे गिरवत होते. भाची सामानाच्या पिशव्या आणायची, मी त्यांच्यावर एक ते नऊ काढायची. आधी ते काड्या पडल्यासारखे दिसायचे. मेमध्ये वाचता येतील इतके झाले तेव्हा कामावर गेले. एमेटने माझं पहिलं लेबल बघितलं आणि इतकंच म्हणाला, "ऑफिसातून कुणी विचारलं तर सांग, नवी बाई आली आहे. नादीन." लुईव्हिलच्या साहेबांना लेबलावरचे आकडे छापूनच घ्यायचे होते, ते निमित्तच शोधत होते. म्हणून ती नादीन. तिला मी इतकी वर्षं सांभाळली की तुमच्यापुढेही तीच आधी तोंडातून निघाली.

मी परत आले तेव्हा क्रमांक एकशे सत्तावीसवर होता. मी विचारलं, मधली दहा कुठे गेली. तो म्हणाला, मिश्रणात. मी विश्वास ठेवला. त्याच्यावर विश्वास न ठेवणारं माणूस मी अजून बघितलेलं नाही.

आता तुमचा फोटो. तो मी तीन महिने शिवणाच्या डब्यात ठेवला आहे आणि रोज काढून बघते. ते अक्षर माझं नाही. मार्चच्या बावीस तारखेला मला चमचा धरता येत नव्हता. पण वळण माझंच आहे, मी काढलं असतं तसंच. आणि खाली ती पेन्सिलीची रेघ.

म्हणजे यंत्र बंद नव्हतं. काम चालू होतं, आणि लेबलं लिहिणारी घरी पडली आहे हे ऑफिसला कळू नये म्हणून तो माझ्या अक्षरात लिहीत बसला होता. दहा पिंपं. तुमच्या हिशेबाने एकोणीसशे वेळा. त्या वसंतात माझं अक्षर दोन जण शिकत होते, मी माझ्या स्वयंपाकघरात आणि तो चार मैलांवर गोदामात, आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

बाहेर डॉगवूडची झाडं फुलली आहेत. मला काय करावं ते सुचत नाही.

ओलेटा


पडूका
१८ एप्रिल १९९९

आदरणीय मिस ओलेटा,

तुमचं पत्र वाचून मी बाटल्यांसमोर बसलो आणि त्या दिवशी एकही आकडा लिहिला नाही.

मला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि ती पत्रिकेसाठी नाही. एमेट सिसेल हयात आहेत का?

असतील तर जा. मी आगाऊपणा करतो आहे हे मला कळतं. पण माझी बायको लोरीन दर रविवारी माझे सहा शर्ट इस्त्री करून ओळीने टांगायची. मी आठवडाभर पुराच्या गावात असलो तरी सहाच्या सहा. ती गेल्यावर मी ते शर्ट मोजले, वर्षांनी गुणले आणि एक आकडा काढला. तो बरोबर आहे. पण तो आता कुणाला सांगू?

पिंपं पुन्हा दोनशे सदुसष्ट केली आहेत. तुम्ही म्हणाल तेवढंच छापेन.

हॉलिस


बार्ड्सटाउनजवळून
६ जून १९९९

प्रिय हॉलिस,

पिंपं दोनशे सदुसष्ट छापा, बाटल्या पन्नास हजारांवर छापा. अक्षराबद्दल काही छापू नका. नाहीतर तुमचे संग्राहक एकशे सतरा ते एकशे सव्वीस शोधत गावं पालथी घालतील.

एमेट हयात आहे. चौऱ्याऐंशी वर्षांचा. स्प्रिंगफील्डच्या वृद्धाश्रमात असतो; भट्टी बंद झाल्यावर तो बहिणीकडे गेला होता, ती वारल्यावर आश्रमात आला. मला हे ठाऊक होतं. ख्रिसमसला मी दरवर्षी कार्ड पाठवते, तोही पाठवतो, त्यात दोघंही हवेबद्दल लिहितो. अठरा मैल अंतर आहे आणि आठ वर्षांत मी गेले नव्हते.

मेच्या दुसऱ्या शनिवारी भाचीने नेलं. मी निळा ड्रेस घातला, मग काढला, मग परत घातला. भाचीने आरसा माझ्याकडे वळवला. रस्ताभर कुरणांवर धुकं होतं, गाई गुडघ्यापर्यंत त्यात बुडालेल्या. मला वाटत होतं आपण कुठे पोचणारच नाही, आणि तसं झालं असतं तरी मी तक्रार केली नसती.

तो व्हरांड्यात बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. आता एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून मी दुसऱ्या बाजूला खुर्ची ओढली. आधी आम्ही गेलेल्या माणसांची चौकशी केली. त्यात अर्धा तास गेला. मग मी पर्समधून फोटो काढून त्याच्या हातात दिला.

त्याने तो जवळ धरला, मग लांब धरला. मला वाटलं त्याला दिसत नसेल. मग तो म्हणाला, "लुईव्हिलला एकानेही ओळखलं नाही." त्यात थोडी ऐट होती.

हळूहळू बाकीचं सांगितलं. माझी खराब झालेली लेबलं तो कचऱ्याच्या टोपलीतून गोळा करायचा आणि तिसऱ्या मजल्यावर, मी बसायची तिथे, त्यांच्यावरून आकडे गिरवायचा. पहिले दोन आठवडे काहीच जमेना. पिंपं बाटल्यांत उतरून तयार आणि लेबलं कोरी, म्हणून ऑफिसला कळवलं की ओलेटा हल्ली घरी नेऊन लिहिते. त्याच्या हाताला कधी रंगाच्या कुंचल्यापेक्षा बारीक काही धरायची सवय नव्हती. बोटांना घट्टे पडले, ते त्याने मला दाखवले, म्हणजे जिथे होते ती जागा दाखवली. मी ते बोट धरलं. माझ्या डाव्या हाताने, कारण तोच धरतो.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तो रस्त्याकडे बघत होता. गवताने भरलेली एक गाडी गेली आणि तिच्या मागे काड्या उडत राहिल्या, त्या खाली बसेपर्यंत तो थांबला.

"सांगितलं असतं तर तू आभार मानले असतेस," तो म्हणाला. "मग ते तिथंच मिटलं असतं."

साडेअकराला जेवणाची घंटा झाली. तिथे सगळं लवकर असतं. मी त्याच्याबरोबर आत गेले आणि त्याच्या ताटातलं हॅम कापून दिलं, डाव्या हाताने, वाकडंतिकडं. त्याने निमूट खाल्लं.

मी आभार मानले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी परत गेले, आणि त्याच्या पुढच्या तिन्ही शनिवारी. काल निघताना तो फाटकापर्यंत आला, काठी टेकत, टोपी घालून. गाडीत बसल्यावर भाचीने विचारलं, मावशी, असं किती दिवस चालणार आहे.

मी म्हटलं, तू गाडी चालव.

तुमची,
ओलेटा